ताराबाई मोडक : अंगणात आलेली शाळा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा मंडळाच्या मंडळींचा दरवर्षी आग्रह असतो आणि दरवर्षी मी ऑफिसच्या कामाची सबब सांगून सुटका करून घेतो. या वेळी मात्र लिहावेसे वाटले. त्याला एक कारण घडले, ते आधी सांगतो.

मी शासकीय नोकर आहे. तरुणपणी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली, पण नोकरी लागली ती टेबल-खुर्चीची. शिट्टी कपाटात राहिली आणि हातात फायली आल्या. मागे एकदा लहान मुलांच्या शाळा पाहण्यासाठी पथके नेमली गेली. तेव्हा कोणाला तरी माझी पदविका आठवली आणि के.जी.च्या वर्गांतले खेळ व व्यायाम तपासण्याचे काम माझ्याकडे आले. हातात एक तक्ता दिला होता. मैदान आहे काय? खेळाचे साहित्य आहे काय? आठवड्यातून किती तासिका? कवायत घेतली जाते काय? प्रत्येक प्रश्नापुढे होय किंवा नाही.

एका शाळेत आमच्यासमोर कवायत झाली. सारख्या रंगाचे टी-शर्ट, ढोलाचा ठेका, मुलांच्या सरळ रांगा. पाहून बरे वाटले. शेवटच्या रांगेत साडेचार-पाच वर्षांचा एक मुलगा मात्र हात खाली सोडून नुसता उभा होता. तो जरा मंद आहे, त्याला सांगितलेले कळत नाही, असे बाईंनी सांगितले. मी मान हलवली. सगळ्या रकान्यांत होय लिहून सही केली आणि चहा घेऊन निघालो.

दुपारी परतताना तोच मुलगा गल्लीत दिसला. सायकलचे जुने टायर काडीने हाणत धावत होता. मध्ये बसलेल्या गाईला वळसा, विजेच्या खांबाला वळसा, रेतीच्या ढिगावरून वर आणि पुन्हा खाली. नाली आली तेव्हा त्याने टायर आधी पलीकडे सोडले आणि मागून स्वतः उडी मारली. एकदाही टायर पडले नाही. तोल, नजर आणि हाताचा मेळ, वेग, वळण, जे जे मी पदविकेच्या परीक्षेत लिहिले होते ते सगळे त्या पोरात होते. आणि माझ्या तक्त्यात त्याची नोंदच नव्हती. घरी आलो तरी ते टायर माझ्या डोक्यात फिरत राहिले.

त्या आठवड्यात मी ताराबाई मोडक पुन्हा वाचल्या. हे नाव आम्ही विद्यार्थी असताना एका गुणाच्या प्रश्नासाठी पाठ केले होते. आता पन्नाशी जवळ आल्यावर कळले की लहान मुलांची शाळा चांगली की वाईट हे कशावरून ठरवायचे, याच प्रश्नाशी ही बाई आयुष्यभर झुंजली. म्हणून हा लेख त्यांच्यावर.

अमरावतीची सून

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. माहेरचे आडनाव केळकर. घरचे वातावरण प्रार्थना समाजाचे, म्हणजे मुलींनी शिकले पाहिजे असे मानणारे. ज्या काळात मुलगी चौथी पुस्तक शिकली तरी पुष्कळ झाले म्हणत, त्या काळात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या.

त्यांचे लग्न अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी झाले आणि त्या वऱ्हाडात आल्या. त्या काळी आपला छिंदवाडा जिल्हा आणि अमरावती हे एकाच मध्यप्रांत-वऱ्हाडात होते आणि नागपूर ही सगळ्यांची राजधानी. पांढुर्ण्याहून वरूड-मोर्शीमार्गे अमरावतीला जाणाऱ्या आपल्या लोकांना ते गाव परके नाही. त्याच अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला होता. पुढे तो हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून साऱ्या देशात गाजला. तरुणांच्या शरीराचा विचार तिथे सुरू झालेला होता. दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या शरीराचा विचार मात्र तेव्हा कोणीच करीत नव्हते. ते मूल आईच्या कडेवर, नाहीतर थोरल्या बहिणीच्या कडेवर.

ताराबाईंचा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये पतिपत्नी वेगळे झाले. शंभर वर्षांपूर्वी लहान मुलीला घेऊन एकट्या राहणाऱ्या बाईला समाज कसे वागवत असेल, हे आपल्यासारख्या जुन्या घरांतल्या लोकांना सांगायला नको. त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या स्त्रियांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. मान होता, पगार होता, आयुष्य सरळ रेषेत जाऊ शकले असते.

भावनगरचे बालमंदिर

त्याच काठेवाडात भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक वकील वकिली सोडून लहान मुलांत रमले होते. दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. मिशांवाली आई हे त्यांना पडलेले नाव गुजरातेत आजही घेतात. इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसोरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले, त्यांचे विचार वाचून गिजुभाई भारावले होते. तिथे शिक्षा नव्हती, बक्षीस नव्हते, पहिला-दुसरा नंबरही नव्हता.

१९२३ मध्ये ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले आणि त्या भावनगरला गिजुभाईंच्या हाताखाली कामाला लागल्या. मोठ्या पदावरून चिमुकल्यांच्या शाळेत जाणे लोकांना वेडेपणा वाटला असणार. आजही के.जी.च्या बाईंना आपण हायस्कूलच्या सरांएवढा मान देतो काय, हे ज्याचे त्याने पाहावे.

माँटेसोरी पद्धतीत व्यायामाची वेगळी तासिका नाही, ही गोष्ट मला पदविकेच्या वेळी कळली नव्हती. तिथे मुलाच्या शरीराला सबंध दिवस काम असते. मूल आपली छोटी खुर्ची आवाज न करता उचलून नेते. एका भांड्यातले पाणी दुसऱ्यात ओतते. केर काढते, बटणे लावते, नाडीची गाठ मारते. जमिनीवर आखलेल्या रेषेवर तोल सांभाळून चालते, पुढे हातात पाण्याने भरलेला पेला घेऊन चालते. मग एक खेळ शांत बसण्याचा. सगळी मुले इतकी स्तब्ध बसतात की बाहेरच्या पाखराचा आवाज ऐकू यावा. हात बांधून तोंडावर बोट ठेवायला लावणे वेगळे आणि स्वतःच्या शरीरावर स्वतः ताबा मिळवणे वेगळे. भावनगरच्या बालमंदिरात याला गाणी, नाच, नाटक, बागकाम आणि बाहेर भटकंती यांची जोड मिळाली.

माँटेसोरीबाई मूळच्या डॉक्टर. त्यांच्या बालगृहात मुलांची उंची आणि वजन नियमाने नोंदले जाई. शिक्षिकेचे मुख्य काम शिकवण्यापेक्षा पाहण्याचे. कोणते मूल काय निवडते, किती वेळ त्यात रमते, काल जे जमले नाही ते आज जमते काय, हे पाहून टिपायचे. म्हणजे तपासणी तिथे रोजचीच होती, पण ती एकेका मुलाची होती. वर्षातून एकदा साहेब येऊन मैदान मोजतील अशी नव्हती.

१९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाईंनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. त्यांची शिक्षणपत्रिका आधी गुजरातीत आणि पुढे ताराबाईंमुळे मराठीतही निघू लागली. पालकांसाठी त्यांनी साध्या भाषेत पुष्कळ लिहिले. मुलांचा हट्ट, शिस्त, मारहाण, भीती, असे रोजच्या घरातले विषय त्यांनी घेतले.

दादरचे शिशुविहार आणि एक खंत

सुमारे नऊ-दहा वर्षे भावनगरला घालवून ताराबाई मुंबईला आल्या. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. त्याबरोबर शिक्षिका तयार करण्याचेही काम चालले. मध्यमवर्गीय मराठी घरांतली मुले येऊ लागली आणि नाव झाले. १९३९ मध्ये गिजुभाई गेले. त्याच वर्षी स्वतः माँटेसोरीबाई भारतात आल्या आणि महायुद्धामुळे अनेक वर्षे इथेच राहिल्या. बालशिक्षणाला चांगले दिवस आले होते. ताराबाई तेव्हा पन्नाशीच्या आसपास होत्या. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी इतिहासात त्यांचे नाव राहिले असते.

पण त्यांच्यासमोर एक साधा हिशेब होता. माँटेसोरीचे साहित्य महाग. गुळगुळीत लाकडी ठोकळे, मोजून केलेले सोंगट्यांचे संच, पितळी घंटा. ते दादरला परवडले. खेड्यातल्या मुलाने काय करायचे? आपल्याजवळच्या वर्ध्याहून गांधीजींनी १९३७ साली नयी तालीम मांडली होती आणि शिक्षण खेड्यातल्या मुलापर्यंत नेण्याची चर्चा देशभर सुरू होती. शाळेत आलेल्या मुलांचे आपण चांगले करतो, पण जी मुले आलीच नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न ताराबाईंच्या पुढच्या सबंध आयुष्यातून दिसतो.

बोर्डी : मुले येत नाहीत, मग शाळा जाते

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. आज तो भाग पालघर जिल्ह्यात येतो. त्यांच्यासोबत अनुताई वाघ आल्या. अनुताई बालविधवा. लहानपणीच कपाळ पांढरे झालेली ही मुलगी शिकून शिक्षिका झाली होती. एक संसार मोडलेली आणि एक संसार सुरू होण्याआधीच संपलेली, अशा दोघींनी मिळून हजारो मुलांचा संसार मांडला.

बालवाडी उघडली. गावातल्या बऱ्या घरची मुले आली. हरिजन वस्तीतली मुले आली नाहीत. आता इथे आपण असतो तर काय लिहिले असते? पालक उदासीन, हजेरी कमी. असे लिहून तक्ता वर पाठवला असता. ताराबाई आणि अनुताईंनी वेगळे केले. मुले येत नाहीत तर शाळा त्यांच्याकडे नेली. वस्तीतल्या एखाद्या घरासमोरच्या अंगणात मुले जमवली. आधी हात-पाय-तोंड धुणे, नखे काढणे, केस विंचरणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. यालाच अंगणवाडी म्हणू लागले.

साहित्याचा प्रश्नही अंगणातच सुटला. समुद्रकाठचे शंख-शिंपले, गोटे, चिंचोके, झाडाच्या बिया, पाने, काड्या, बांबू, माती. रंग ओळखायला फुले, लहान-मोठे समजायला गोटे, मोजायला चिंचोके. बोटांना वळण लावायला यापेक्षा जास्त काय लागते? पाणी ओतायला पितळी सुरई नको, नारळाची करवंटी चालते. रोममधली पद्धत फेकून न देता त्यांनी तिला बोर्डीचे कपडे घातले.

शारीरिक शिक्षणाच्या दृष्टीने मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. अंगणात मुलाला लाज वाटत नाही. जिथे त्याची आजी धान्य पाखडते, जिथे बकरी बांधलेली असते, तिथे ते मूल धावते, पडते, उठते. तेच मूल परक्या इमारतीत, परक्या भाषेतल्या हुकमापुढे खांबासारखे उभे राहते. आपण म्हणतो, मंद आहे.

कोसबाडची टेकडी

बोर्डीच्या जवळच डहाणू-तलासरीचा वारली आदिवासींचा मुलूख. वेठबिगारीविरुद्ध वारल्यांनी १९४५ मध्येच गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली उठाव केला होता. ज्यांची मोठी माणसे गुलामासारखी राबत होती त्यांच्या मुलांच्या शाळेचा विचार कोण करणार? १९५७ मध्ये ताराबाईंनी आपले काम कोसबाडच्या टेकडीवर हलवले. वय पासष्ट. सरकारी नोकर या वयाला पेन्शन घेऊन घरी बसलेला असतो.

तिथे नवी अडचण आली. वारल्यांच्या अंगणातही मुले सापडेनात, कारण पाच-सहा वर्षांचे मूल कामाला लागलेले. मुलगे गुरे राखायला कुरणात आणि मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी. पुन्हा तोच प्रश्न आणि पुन्हा तसेच उत्तर. गुरे कुरणात आहेत तर शाळा कुरणात. त्यातून कुरणशाळा निघाली. मुलीच्या कडेवर बाळ आहे तर तिला बाळासकट बोलवा. त्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली. तान्हे बाळ पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण वर्गात. याला विकासवाडी हे नाव दिले.

थोरल्या बहिणीचा विचार करणारी ही योजना वाचली तेव्हा मला आपला भाग आठवला. कापूस वेचणीच्या दिवसांत, संत्र्याच्या तोडीच्या दिवसांत आई-बाप पहाटे शेतात जातात आणि आठ वर्षांची मुलगी दोन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन दिवसभर फिरते. त्या मुलीची कंबर एका बाजूला वाकते आणि खेळायचे वय निघून जाते. आपल्या तक्त्यात तिचा रकाना नसतो. कोसबाडला तिच्यासाठी सबंध शाळेची रचना बदलली गेली.

मुक्त कुरणात वाढलेल्या त्या मुलांना पळायला, चढायला, नेम धरायला शिकवायची गरजच नव्हती. ते त्यांना शिक्षकांपेक्षा चांगले येत होते. तिथे शिक्षणाने करायचे ते एवढेच, की जे येते त्याला मान द्यायचा, त्यावर पुढचे रचायचे आणि अंगाची स्वच्छता, खाणे, औषधपाणी यांकडे लक्ष द्यायचे. खरजेने हैराण आणि पोटाने रिकाम्या मुलाकडून कवायत करून घेण्यात काही अर्थ नाही, हे त्या टेकडीवर रोज दिसत होते.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. त्या शेवटपर्यंत कामात राहिल्या आणि १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. मागे अनुताईंनी कोसबाडचे काम सांभाळले. ताराबाई गेल्यावर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत, हिंदी भाषकही, हा शब्द म्हणतात. आपल्या पांढुर्णा आणि सौंसरच्या गावागावांत निळ्या-पिवळ्या भिंतींवर तो लिहिलेला दिसतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ तिकडे गेला आणि आपण मराठी माणसे मध्यप्रदेशात राहिलो. पण मराठी बाईंच्या कामातून निघालेला हा शब्द सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिला, याचा आनंद वाटतो.

आपण काय पाहावे?

आता पुन्हा माझ्या तक्त्याकडे येतो. मैदान, साहित्य, तासिका हे प्रश्न चुकीचे नाहीत. जागाच नसेल तर मूल पळणार कुठे? पण एवढ्यावर शाळेला चांगली म्हणणे म्हणजे चुलीवर भांडे आहे हे पाहून जेवण चांगले झाले म्हणण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शन दिले. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे अंगाची हालचाल करावी आणि त्यातली किमान ६० मिनिटे दम लागेल अशी असावीत. मोबाईल-टीव्हीसमोर बसणे एका तासापेक्षा जास्त नको. आठवड्यातून दोन तासिका कवायत करून हे गणित सुटत नाही, हे तिसरीतले पोरही सांगेल.

ताराबाईंच्या आयुष्यातून मी माझ्यापुरते काही प्रश्न काढले आहेत. नातवंडांना किंवा मुलांना के.जी.त घालताना आपणही विचारून पाहावेत.

पहिला प्रश्न, कोण खेळत नाही? रांगेतल्या मुलांकडे पाहण्याआधी भिंतीला टेकून उभे असलेले मूल पाहावे आणि ते का उभे आहे ते विचारावे. हुकूम कळत नाही, चप्पल तुटली आहे, उपाशी आले आहे, की कोणी हसले आहे? बोर्डीचे सगळे काम या एका प्रश्नातून उभे राहिले.

दुसरा, मूल किती वेळ वाट पाहते? एका चेंडूमागे चाळीस मुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला रांगेत उभे राहणेच येते. घड्याळ लावून एका मुलाकडे दहा मिनिटे पाहिले की खरे कळते.

तिसरा, मुलाला निवड आहे काय? सगळ्यांनी एकाच वेळी एकच हात वर करणे हे पाहुण्यांना छान दिसते. पण चढणे, लोळणे, ढकलणे, ओतणे, फेकणे यांतले त्याला आज जे हवे ते करायला मिळते काय?

चौथा, हातांना खरे काम आहे काय? पाणी भरणे, चटई गुंडाळणे, झाडाला पाणी घालणे, डबा स्वतः उघडणे. ज्याची बोटे तयार झाली नाहीत त्याच्या हातात तीन वर्षांचे असताना पेन्सिल देऊन आपण त्याला रडवतो. इंग्रजी अक्षरे लवकर यावीत म्हणून खेळाचा वेळ कापा, असे सांगणारे पालक आपल्यातच आहेत. मीही माझ्या थोरल्याच्या वेळी तसे सांगितले होते, हे कबूल करतो.

पाचवा, बाईंची वही. कवायतीच्या फोटोंची नव्हे, मुलांच्या नोंदीची. जूनमध्ये एका पायावर उभे राहता येत नव्हते, दिवाळीनंतर लंगडी घालू लागला, अशी एक ओळ जरी प्रत्येक मुलाबद्दल असेल तर ती शाळा चांगली, मग मैदान लहान असले तरी चालेल.

साहित्याची काळजी करू नये. लगोरीला फुटकी कवेलू लागतात. लंगडीला काहीच लागत नाही. फुगडी, भोवरा, गिल्ली-दंडा आणि हो, जुने टायर. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला एवढीशी पोरे लाकडी बैल ओढत दारोदार जातात. ओझे ओढणे, तोल सांभाळणे, गर्दीतून वाट काढणे, थांबणे, पुन्हा निघणे, सगळा व्यायाम त्यात आहे आणि कोणाही मुलाला त्यातून बाद करीत नाहीत. मुली भुलाबाईच्या गाण्यांवर फेर धरतात तेही तसेच. हे कोणत्या शासनाने शिकवले नाही, आजी-पणजींनी शिकवले.

मंडळाला एक विनंती

शेवटी आपल्या मंडळाशी थोडे मोकळेपणाने बोलतो. आपल्या गणेशोत्सवात लहान मुलांच्या स्पर्धा होतात. संगीत खुर्ची सर्वांत आवडीची. मीच गेली कित्येक वर्षे त्यात शिट्टी वाजवतो. जरा विचार करा. या खेळात सर्वांत आधी बाहेर कोण बसते? जे मूल हळू आहे, लाजरे आहे, ज्याला पळण्याची सर्वांत जास्त गरज आहे ते. आणि शेवटपर्यंत पळते ते, जे आधीच चपळ आहे. मग आपण त्या चपळ मुलाला बक्षीस देतो आणि पहिले बाद झालेले मूल आईच्या पदराआड रडते. आईही ओशाळते. मीही कित्येकांना असे रडवले आहे.

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी या वर्षी आपण एवढे करू. खुर्च्या कमी करायच्या, पण मुले कमी करायची नाहीत. एका खुर्चीवर दोघांनी, मग तिघांनी सावरून बसायचे. शेवटी सगळी मुले एकमेकांना धरून दोन-तीन खुर्च्यांवर मावली की खेळ संपला आणि सगळ्यांना मोदक. मी घरी शेजारच्या मुलांना जमवून करून पाहिले. हसून हसून पुरेवाट झाली, आणि एकही मूल बाहेर बसले नाही.

त्या टायरवाल्या मुलाच्या शाळेत मी नंतर स्वतःच्या सुटीच्या दिवशी गेलो. बाईंशी बोललो. त्यांनाही एकट्याने एवढी मुले सांभाळायची असतात, त्यांचीही बाजू आहे. टायर शाळेत आणू द्या, एवढीच विनंती केली. त्या हसल्या, बघू म्हणाल्या. माझ्या तक्त्यात सुधारणा करायला जागा नव्हती, म्हणून ही सुधारणा इथे लिहितो. त्या शाळेच्या खेळाच्या रकान्यात मी होय लिहिले होते, ते अर्धेच खरे होते.

आपला गणपतीसुद्धा मोठ्या पोटाचा, लहान वाहनाचा. पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत तो धावला असता तर मागेच पडला असता. त्याने आईवडिलांना प्रदक्षिणा घातली आणि तीच खरी मानली गेली. प्रत्येक मुलाला आपली प्रदक्षिणा आपल्या चालीने घालू देण्याची बुद्धी तो आपल्याला देवो.

गणपती बाप्पा मोरया!